दोन्हीकडून सरळ

डिंभे,
२ जून १९९७

चि. सुभाषला ताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि उत्तराला मी आज बसले आहे. तेव्हा आधी मनातल्या मनात काय शिव्या द्यायच्या त्या देऊन घे. आई आहुप्याला बरी आहे. गुडघे दुखतात, पण राईतल्या देवाला जायचं म्हटलं की दुखायचे थांबतात.

आपल्या वाडीवर नवे खांब आले. जुना खांब भिकाच्या घरावर किती वाकला होता ते तू पाहिलं होतंस. ठेकेदाराची माणसं आली, लोखंडी खांब रोवले, नव्या तारा ओढल्या आणि जेवून गेली. लाईट आता लख्ख आहे. ट्यूब एका दमात लागते. पहिल्या दिवशी सगळ्या वाडीने बटण दाबून दाबून बघितलं आणि दर वेळी हात जोडले. मीही जोडले, हसू नको.

आता भांडणाचं बोलते. दिवाळीला तू तुझ्या दाजींना टेस्टर दिलास. शाळामास्तर पेन लावतात तसा ते खिशाला लावून मिरवत होते. तो बिघडला रे. पडवीतला होल्डर हलत होता. त्यांनी तू शिकवल्याप्रमाणे फ्यूज उपसला, दुसऱ्या कुणी घालू नये म्हणून स्वतःच्या खिशात टाकला आणि स्टुलावर चढून टेस्टर लावला, तर पेटला! फ्यूज खिशात आणि टेस्टर पेटतोय. मला म्हणाले, "वैजे, तुझ्या भावानं गुजरातचा माल गळ्यात मारला बघ. फ्यूज काढल्यावं करंट कुठनं यील?"

मग टेस्टर बाजूला ठेवून त्यांनी हातानेच काम केलं. बोटांना मुंग्या आल्या म्हणाले, हात वर धरून अवघडला असेल. तुझा टेस्टर आता स्टोव्हचे स्क्रू पिळायला आहे.

पण तुझं शिकवणं मात्र ते विसरत नाहीत. वाडीत कुणी वायरीला हात लावायला गेलं की हे पुढे होतात, "आधी फ्यूज काढ. फ्यूज काढला की वायर म्हंजी नुसती दोरी!" भिका तर त्यांना आता मास्तर म्हणतो.

राखीला येणार का ते कळव.

तुझी ताई
वैजयंती

* * *

वापी,
११ जून १९९७

ती. ताईस सुभाषचा नमस्कार.

टेस्टर बिघडलेला नाही. हे वाक्य दाजींना आधी वाचून दाखव, बाकीचं पत्र नंतर वाच.

मी दुपारच्या सुट्टीत तुझं पत्र वाचलं आणि डबा तसाच बंद केला. दाजींच्या पायात त्या वेळी रबरी चपला होत्या का? असणारच. म्हणून मुंग्यांवर भागलं.

ताई, नीट वाच. खांबावरून घरात दोन वायरी येतात. एक करंट आणते, तिला फेज म्हणतात. दुसरी तो परत नेते, ती न्यूट्रल. फ्यूज नेहमी आणणाऱ्या वायरीवर पाहिजे. मी तुमच्या घराची वायरिंग केली तेव्हा तिथेच बसवला होता. पण ठेकेदाराच्या माणसांनी नव्या खांबावर दोन्ही वायरी उलट्या जोडल्या असणार. घरात कुणी कशाला हात लावला नाही, फ्यूज जागचा हलला नाही, तरी तो आता परत नेणाऱ्या वायरीवर जाऊन बसला आहे. दिवे तसेच लागतात, म्हणून कुणाला कळत नाही.

दाजींना भाताच्या खाचराचं सांग. पाणी यायचं तोंड वर असतं आणि जायचं तोंड खाली. वरचं तोंड बुजवलं तर खाचर कोरडं पडतं. खालचं बुजवलं तर पाणी पुढे जात नाही हे खरं, पण खाचर तुडुंब भरलेलं राहतं. आपला फ्यूज आता खालच्या तोंडाला आहे. तो काढला की दिवा विझतो, आणि वायर, होल्डर, सगळं करंटने भरलेलं उभं असतं. वायर म्हणजे दोरी, हे मी शिकवलं ते वरच्या तोंडाच्या हिशोबाने.

आता काय करायचं ते लिहितो. ठेकेदाराच्या मुकादमाला गाठा आणि खांबावरचं जोडकाम बदलून घ्या. ती माणसं लवकर येतील असं मला वाटत नाही. म्हणून दाजींनी घरातही करावं. गुरुवारी ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवरूनच लाईट बंद असते, तेव्हा मीटरमधून मेन बोर्डावर येणाऱ्या दोन वायरींची अदलाबदल करायची. लाईट आली की फ्यूज काढून टेस्टर लावायचा. पेटला नाही तर काम झालं.

तोपर्यंत होल्डरला, बोर्डाला कुणी हात लावायचा नाही. दाजी रागावतील. रागावू देत. मेहुण्यावर रागवायचा त्यांना हक्क आहे.

टेस्टरने स्टोव्ह पिळू नका.

सुभाष

* * *

डिंभे,
२४ जून १९९७

चि. सुभाषला आशीर्वाद.

तुझे दाजी रागावले. नुसते नाही, जेवणावर रागावले. "म्या कुठं हात लावला व्हता? फ्यूज हाय तिथंच हाय. तिकडं वापीत बसून ह्याला हितली वायर दिसती व्हय?" दोन दिवस माझ्याशी बोलणं भाकरीपुरतं. मीही हट्टाला पेटले. खाचराचं तुझं म्हणणं पाठ केलं आणि येता-जाता ऐकवलं. शेवटी चिडून उठले, पायात चपला घातल्या, फ्यूज काढला आणि टेस्टर होल्डरला लावला. पेटला. फ्यूज परत घालून, परत काढून बघितलं. परत पेटला.

मग उंबऱ्यावर येऊन बसले. मी पाणी दिलं तर म्हणाले, "वैजे, त्या दिवशी म्या ह्याच हातानं धरला व्हता." मला तेव्हा कसं झालं ते लिहिता येत नाही.

गुरुवारी डीपी बंद होती तेव्हा त्यांनी तू सांगितलं तसं केलं. संध्याकाळी लाईट आल्यावर फ्यूज काढला, टेस्टर विझलेला. फ्यूज घातला, पेटला. लहान मुलासारखे दहादा करून बघत होते. मग मला म्हणाले, "लिही तुझ्या भावाला. म्हणावं, मास्तरचा मास्तर हाय तू."

आता सगळ्या वाडीला टेस्टर हवा आहे. आपल्या खांबावरच्या सगळ्या घरांत तेच निघालं. भिका म्हणतो, माझ्याही घरात करून द्या. पण भाताची आवणी तोंडावर आली, रोपं वर आलीत, दाजींना कुठे उसंत? त्यांनी सगळ्यांना बजावलंय, आवणी होईस्तोवर कुणी वायरीला शिवायचं नाही.

मुकादमाकडे मीच गेले. सावळेराम नाव त्याचं. शेजारच्या वाडीवर खांब टाकत होता. म्हणतो कसा, "बाई, लाईट लागती ना? मंग झालं की." मी म्हटलं, "लागती. मानूस चिकटल्यावबी लागतीच." तेव्हा जरा वरमला. पाऊस उघडला की माणसं पाठवतो म्हणाला. बघू.

राखीचं तू लिहिलंच नाहीस.

तुझी ताई

* * *

वापी,
३ जुलै १९९७

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र वाचून परवा जेवण गोड लागलं. दाजींना म्हणावं, मास्तरचा मास्तर वगैरे काही नाही, इथे मला साहेब रोज गाढव म्हणतो. उंबऱ्यावर बसलेल्या दाजींचं तू लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. हट्टी माणूस चूक मान्य करतो तेव्हा भीती वाटते गं. बरं वाटतं आणि भीतीही वाटते.

तू मुकादमाला दिलेलं उत्तर मी इथे सगळ्यांना सांगितलं. त्याच्या मागे लागणं सोडू नको. बाकीची घरं अजून तशीच आहेत.

रजेचा अर्ज दिला आहे. राखीला येतो. येताना मुंबईवरून काय आणू ते कळव, पण "काही नको" असं लिहू नको.

सुभाष

* * *

डिंभे,
१८ जुलै १९९७

चि. सुभाषला आशीर्वाद.

काही नको.

आनंदाची बातमी आहे. सावळेरामाची माणसं खरंच आली! पाऊस थोडा थांबला होता. मी नाचण्याच्या भाकरी टाकत होते, तर खांबावर माणूस चढलेला. हात पिठाचे तसेच घेऊन धावले. वर ओरडून सांगितलं, "नीट बघून करा, माझा भाऊ वापीवरनं इचारणार हाय!" हसला तो. दोन्ही वायरी त्याने माझ्या डोळ्यांदेखत बदलल्या. भिकाने लगेच घरी जाऊन टेस्टर लावून बघितला, तर त्याचं सरळ झालेलं. शेजारच्या लंकाबाईचंही सरळ. मी त्या माणसांना चहा पाजला, साखर जास्त घालून. तुझ्या ताईने वाडीचं काम केलं, असं आता सगळे म्हणतात. मीही नाही म्हणत नाही.

तुझे दाजी संध्याकाळी चिखलाने भरून आले, त्यांना सांगितलं. ते तर खूश. म्हणाले, "चला, डबल पक्कं झालं. तिकडनंबी सरळ, हिकडनंबी सरळ." पेंढी दोनदा बांधली की सुटायची चिंता नाही, तसं मलाही वाटलं. तू आता वाडीची काळजी सोड आणि साहेबाची बोलणी खा.

आवणी थोडीच राहिली आहे, खालची दोन खाचरं. ती झाली की दाजी गोठ्यात लाईट ओढणार आहेत. म्हैस व्यायला झाली आहे आणि गोठ्यात अंधार. पत्र्याच्या खालून वायर न्यायची, मधल्या लाकडी मेढीला होल्डर ठोकायचा. वायर आणून ठेवली आहे. मी म्हटलं, सुभाष राखीला येतोय, त्याला करू दे. तर म्हणाले, "पावण्याला आल्याआल्या कामाला लावतीस व्हय?"

टेस्टर सध्या घरात नाही. भिकाकडून लंकाबाईकडे गेला, तिथून तिच्या भावाबरोबर आहुप्याला. तिकडेही नवे खांब पडलेत. आई सांगत असेल सगळ्यांना, माझ्या लेकाचा टेस्टर आहे म्हणून.

तुझी ताई

* * *

वापी,
२६ जुलै १९९७

ताई,

पत्र वाचून आधी तारघरात गेलो, तार केली, आणि तिथल्याच बाकावर हे लिहितो आहे. तार पोचली असेल तर तीच पुन्हा लिहितो. बोर्डाला हात लावू नका. फ्यूज काढला तरी हात लावू नका.

डबल पक्कं झालेलं नाही. परत उलटं झालं आहे. खांबावर वायरी उलट होत्या म्हणून दाजींनी घरात उलट करून त्या सरळ केल्या. मग त्या माणसाने खांबावर सरळ केल्या. म्हणजे घरातली अदलाबदल आता पुन्हा उलटी पडली. भिकाचं सरळ झालं, कारण त्याच्या घरात कुणी हात लावला नव्हता. लंकाबाईचंही म्हणूनच. सगळ्या वाडीत आता एकच घर उलटं आहे, आणि ते तुमचं.

मी दोन्ही गोष्टी एकाच पत्रात लिहिल्या. एक झाली तर दुसरी करू नका, हे लिहायचं राहिलं. तू मुकादमाकडे गेलीस हे पत्रात वाचूनही मला सुचलं नाही. उलट मीच लिहिलं, त्याच्या मागे लागणं सोडू नको. का सुचलं नाही ते मला कळत नाही.

आवणी झाली का? खालची दोन खाचरं राहिली होती, ती झाली का? झाली नसतील तर होऊ देऊ नका, रोपं सडली तरी चालतील. पाऊस कसा आहे? दाजी शेतावरून अनवाणी येतात ना? त्यांना सांग, चपला घाला. चपला घातल्या तरी हात लावू नका. गोठ्याची जमीन ओली असते, पत्रा ओला असतो.

दाजी फ्यूज काढतील, खिशात टाकतील आणि बिनघोर हात घालतील. मीच तसं शिकवलंय. दुसरा कुणी असता तर घाबरत घाबरत हात लावला असता, आणि वाचला असता.

पाळीला माणूस नाही म्हणून आज सोडत नाहीत. परवा सकाळी निघतो, मग नोकरी राहो की जावो. म्हैस अंधारात व्याली तर अंधारात व्याली.

सुभाष

* * *

वापी,
२१ सप्टेंबर १९९७

ती. ताईस नमस्कार.

दहावा झाल्यावर परत आलो, त्यानंतर आज लिहितो आहे. दोनदा लिहून फाडलं.

तुझ्याकडे होतो तेव्हा तू माझ्याशी बोलली नाहीस असं नाही. जेवलास का विचारलंस, अंथरूण घातलंस. पण त्या दुपारचं काही सांगितलं नाहीस, आणि माझी विचारायची छाती झाली नाही. मेन बोर्डासमोर मी उभा राहायचो ते तू बघायचीस. खांबावरून लाईट तोडलेली होती, बघण्यासारखं काही नव्हतं.

डिंभ्याच्या एस.टी.त एक माणूस म्हणत होता की पंचनाम्यात लिहिलंय, फ्यूज न काढता काम केलं. घाईत विसरला म्हणे. म्हैस अडली होती.

ताई, एवढंच विचारतो. दाजी फ्यूज काढायला विसरले होते का? तसं असेल तर लिही. मला झोप लागत नाही.

सुभाष

* * *

डिंभे,
५ ऑक्टोबर १९९७

चि. सुभाषला आशीर्वाद.

तुला कोणतं उत्तर हवंय ते मला कळतं. मी तुला कडेवर घेऊन वाढवलंय. "हो, विसरले होते," एवढं लिहिलं तर तू झोपशील. आठ दिवस पत्र कोरं ठेवून मी तेच लिहायचं ठरवत होते. पण मग त्या माणसाचं काय? बाजारात बायका माझ्या तोंडावर म्हणतात, सगळ्या वाडीला शिकवायचा आणि स्वतः विसरला. ते ऐकायला ते नाहीत. मी आहे.

ते विसरले नव्हते, सुभाष.

त्या दिवशी सकाळी खालचं खाचर संपलं. दुपारी ते चिखलाच्या पायांनीच घरात आले. पाऊस नुसता भुरभुरत होता. म्हैस पाय झाडत होती, घाई होतीच. तरी ते आधी बोर्डापाशी गेले. गोठ्याच्या वायरीचं तिकडचं टोक त्यांनी गुरुवारीच, डीपी बंद असताना, जोडून ठेवलं होतं. मी गोठ्यात म्हशीची दोरी धरून उभी होते. ते शिडीवर चढले, एक हात पत्र्याच्या वाशाला धरला. मी खालून विचारलं, "फ्यूज काढला का?" तू विचारलं असतंस तसंच विचारलं. त्यांनी वरून छातीवर थाप मारून दाखवली. "काढला. ह्यो काय, खिशात हाय." आणि माझ्याकडे बघून हसले. मग वायर धरली.

पुढचं मी लिहिणार नाही.

तुझी तार दुसऱ्या दिवशी आली. अंगणात माणसं बसली होती. भिकाने वाचली आणि घडी घालून माझ्या हातात दिली. तुझं पत्र नंतर आलं. त्याच्यावरची तारीख मी बघितली. तू तारघरात बाकावर बसून लिहीत होतास, त्याच दुपारी.

त्यांना आंघोळ घालताना खिशातला फ्यूज भिकाने काढून मला दिला. पोलीस येऊन लिहून गेले होते. मी नंतर चौकीवर जाऊन सांगितलं, तर म्हणाले, "बाई, फ्यूज काढल्यावर कुणी मरतं का?" दाजी जे म्हणायचे तेच ते म्हणाले. लंकाबाईचा भाऊ आहुप्याहून मातीला आला, त्याच्याबरोबर टेस्टर परत आला. मी कुणाला न विचारता त्यांच्या चपला पायात घातल्या. फ्यूज डाव्या हातात धरला आणि टेस्टर गोठ्यातल्या त्या वायरीला लावला. पेटला. भिकाला बोलावून दाखवला, लंकाबाईला दाखवला. मग सावळेरामाने येऊन खांबावरून लाईट तोडली. भिकाला मी बजावलं होतं, सुभाषला यातलं काही सांगू नको, मी सांगेन. सांगायला हा इतका वेळ लागला.

तुझा राग येतो का असं तू विचारलं नाहीस. येतो. कधी सावळेरामाचा येतो, कधी माझा येतो. त्या माणसांना मी गोड चहा पाजला, ते आठवलं की घास गिळवत नाही. पण तुझ्यावाचून मला दुसरं कोण आहे? भाऊबीजेला ये. लाईट परत जोडायची म्हणतात. या वेळी खांबावर कोण चढतो आणि बोर्डापाशी कोण बसतो ते तू स्वतः बघ. एकच जण, आणि एकाच जागी.

म्हैस त्याच संध्याकाळी व्याली. पारडू आहे. धडधाकट आहे.

फ्यूज मी देव्हाऱ्यात ठेवला आहे. कुणी विचारलं तर दाखवते. तू आलास की तुलाही दाखवीन, आणि तू तो हातात घेऊन बघ. तू पत्रात लिहिलेलं सगळं आम्ही केलं होतं, सुभाष. एकही गोष्ट राहिली नव्हती.

तुझी ताई
वैजयंती